जमाबंदी: पंचायतीचा हिशोब गावासमोर



बेळगावजवळच्या मच्छे गावाला आता नगरपंचायत आहे.
आजूबाजूच्या देसूर, येळ्ळूरसारख्या गावांचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे आहे.
या ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा जमाबंदी करावी लागते.
जमाबंदी म्हणजे पंचायतीच्या खर्चाची गावासमोर होणारी तपासणी.

मासिक सभेत सदस्य ठराव करतात.
गटार बांधायचं, पथदिवे बसवायचे, पाण्याची मोटर दुरुस्त करायची.
ठराव झाला, काम झालं, बिल निघालं. पण काम ठरल्याप्रमाणे झालं का?

हे पाहायला जमाबंदीच्या दिवशी वरचे अधिकारी गावात येतात.
टेबलावर रोखवही, बिलं आणि मोजमाप पुस्तक मांडलं जातं.
मोजमाप पुस्तकात गटाराची लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते.
मग मंडळी जागेवर जातात. टेप लावतात. वहीतला आकडा आणि समोरचं गटार जुळतं का, ते तिथेच कळतं.

श्रोतेहो, ही तपासणी बंद दाराआड होत नाही. ती गावासमोर होते.
गावकऱ्यांना तिथे प्रश्न विचारता येतात. ते त्यांनी विचारायलाच हवेत. आपल्या गल्लीतला दिवा कधीपासून बंद आहे, हे तिथे राहणाऱ्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

जमाबंदीची तारीख पंचायत कार्यालयात कळते.
नंतर कागद पाहायचे असतील, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करून प्रती मागता येतात.