सुटकेनंतरची सुष्मिता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात चित्रपट दाखविल्यानंतर केलेले भाषण)



आपण आताच पाहिलेला 'एस्केप फ्रॉम तालिबान' हा हिंदी चित्रपट २००३ सालचा. मनीषा कोईरालाने जिची भूमिका केली आहे ती सुष्मिता बॅनर्जी कल्पनेतील नायिका नव्हे. कलकत्त्याच्या या हिंदू मुलीने १९८८ साली जांबाझ खान या अफगाण व्यापाऱ्याशी लग्न केले आणि ती त्याच्याबरोबर पक्तिका प्रांतातील एका खेड्यात नांदायला गेली. 'काबुलिवालार बांगाली बऊ' या तिच्या आत्मकथनावर चित्रपट आधारलेला आहे.

दिवे लागले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, 'परधर्मात लग्न केल्यावर दुसरे काय होणार!' म्हणणाऱ्याला मी दोष देत नाही. चित्रपटाची मांडणीच अशी आहे. पण त्या बाईचे हाल नेमके कशाने झाले?

सासरी गेल्यावर तिला कळले की नवऱ्याची पहिली बायको, गुलगुटी, घरात आहे. ही उघड फसवणूक होती. मात्र असली फसवणूक स्वजातीत, पत्रिका जुळवूनही होते, हे आपणांस गावोगाव ठाऊक आहे. पुढे नवरा धंद्यासाठी कलकत्त्याला परतला आणि ती तिथेच अडकली. काबुलीवाला म्हटले की आपल्याला सुकामेवा आठवतो. गिरणगावाला पठाणी व्याज आठवत असे. या धंद्याची रीतच अशी की कमाई परमुलखात आणि बायका गावी. त्यात १९८९ साली सोव्हिएत फौजा परतल्या तरी युद्ध थांबले नाही. ज्या स्त्रीजवळ स्वतःचा पैसा नाही आणि परतीचा मार्ग नाही, तिला युद्धात धर्म कोणता हा प्रश्न नंतरचा.

तिने गावात औषधांचा छोटा दवाखाना चालविला. माझ्या मते तिच्या कथेतला हा सर्वांत मोलाचा भाग. पण भाव खाऊन जाते ती बंदूक! तालिबानला स्त्रीने दुकान चालविणे खपले नाही. दवाखाना बंद झाला. १९९५ च्या जुलैत तिला देहान्ताची शिक्षा फर्मावली गेली. तेव्हा तिला निसटायला मदत केली ती गावच्या प्रमुखाने, म्हणजे एका अफगाण मुसलमानानेच. त्या वर्षी १२ ऑगस्टला ती कलकत्त्याला पोहोचली.

चित्रपटाची सुटका ती एवढीच. पुढचे दहा वर्षांनंतरचे, ते त्यात येणे शक्यच नव्हते. हे लग्न मोडले नाही. २०१३ साली ती नवऱ्याकडे पक्तिकात परत गेली, आपण होऊन. 'सय्यद कमला' या नावाने तिथे आरोग्यसेविकेचे काम करू लागली. गावच्या बायकांचे जीवन कॅमेऱ्यात टिपू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या एका रात्री बंदूकधारी घरात शिरले, त्यांनी नवऱ्याला बांधून ठेवले, तिला बाहेर नेले आणि गोळ्या घातल्या. ती एकोणपन्नास वर्षांची होती. तालिबानने हात झटकले.

ज्या नवऱ्याला आपण पडद्यावर पाहिले, त्याच्याकडेच ती परतली होती. आंतरधर्मीय विवाहाचे मेळावे आपण घेतो, हार घालतो, छायाचित्रे काढतो. त्या मुलीच्या नावावर खाते आहे का, तिची कागदपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? मीही विचारलेले नाही.

पक्तिकात आज पुन्हा तालिबानची राजवट आहे. २०२४ च्या डिसेंबरात तिने मुलींचे सुईणीचे आणि परिचारिकेचे शिक्षणही बंद केले.