लेकराचा पेला
(वर्षावासानिमित्त आष्टी येथे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. धम्माच्या व्यासपीठावरून लेकराच्या पेल्याविषयी काय बोलायचे? परंतु पाणी आणि पेला यांच्याशी आपला इतिहास बांधलेला आहे. १९०१ साली सातारहून वडिलांकडे जाताना लहानग्या भीमरावांना वाटेत कोणी पाणी दिले नाही. शिदोरी जवळ असूनही त्यांना उपाशी झोपावे लागले. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला. चहाच्या हॉटेलात आपली कपबशी वेगळी ठेवली जात असे, हेही आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. एवढ्या संघर्षाने मिळालेले पाणी आपल्या लेकराच्या ओठांपर्यंत स्वच्छ पोहोचते की नाही, हे पाहणे आता आपल्याच हाती आहे.

तथागतांनीही हा विषय क्षुल्लक मानला नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत भिक्षापात्र आहे, तसेच पाणी गाळण्याचे गाळणेही आहे. ओली ठेवलेली पात्रे खराब होऊन त्यांना वास येऊ लागला, तेव्हा पात्र ओले ठेवू नये, पाणी निथळून, उन्हात वाळवून मगच ठेवावे, असा नियम त्यांनी घालून दिला. तो विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, ही कथाही आपणास ठाऊक आहे. म्हणून आम्ही म्हणतो, पेला धुणे हे शीलाचरणच आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वाटी-चमचा किंवा उघड्या तोंडाचा लहान स्टीलचा पेला सर्वांत चांगला, कारण त्याच्या तळापर्यंत बोटे पोहोचतात. दुधाच्या बाटलीचे निप्पल नीट साफ होत नाही. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा कायदा आपल्या देशात १९९२ साली झाला आणि २००३ साली तो आणखी कडक करण्यात आला, हे शिकलेल्या मुलांनी घरी सांगावे.

हल्ली बाजारातून झाकणाचा, नळीचा कप आणला जातो. दुकानदार त्याला सिपर म्हणतो. तो वरून चकचकीत दिसतो. पण झाकणातील रबरी वायसर काढून पाहा. तेथे दूध-साखरेचा चिकट थर आणि काळी बुरशी सापडते. त्या थरात जंतू वाढतात आणि नुसते पाणी खळबळून तो निघत नाही. असा कप वापरायचाच असेल तर झाकण, नळी, वायसर रोज सुटे करावे, साबण लावून बारीक ब्रशने घासावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. उकळता येण्याजोगे भाग पाण्यात पूर्ण बुडवून पाच ते दहा मिनिटे उकळावेत. क्रम मात्र बदलू नये. आधी घासणे, मग उकळणे. तेलकटपणा तसाच ठेवून उकळले तर उपयोग होत नाही. शेवटी पालथे घालून वाळू द्यावे. पदराने पुसले की धुतलेले वाया जाते. चिरलेला, ओरखडे पडलेला कप टाकून द्यावा.

भगिनी म्हणतील, पाणी कुठे आहे? त्यांचे खरे आहे. आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. १९७२ चा दुष्काळ जुनी माणसे विसरलेली नाहीत आणि त्यानंतरही टँकरची वाट आपण अनेकदा पाहिली आहे. पण पेला धुवायला हंडाभर पाणी लागत नाही. साबणाच्या हाताने घासून तांब्याभर पाणी वरून धार धरून ओतले की काम होते. तेच पाणी खाली घमेल्यात धरून झाडाला घालावे. टंचाईत काटकसर करावी, पण ती लेकराच्या पेल्यापासून सुरू करू नये. माठात हात किंवा पेला बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. टँकरचे पाणी उकळावे, अथवा त्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

आपली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कोपीत लेकरू मोठ्या बहिणीच्या हवाली असते आणि त्याचा पेला मातीत लोळतो. जाताना पेटीत साबणाची वडी, झाकणाचा डबा आणि लेकराचा स्वतंत्र पेला बांधून न्यावा. पेला धुऊन, वाळवून डब्यात ठेवायचा, एवढे त्या बहिणीला शिकवावे. आणि ती बहीण शाळेत असायला हवी होती, हेही समाजाने विसरू नये.

इतके करूनही जुलाब लागले तर घाबरू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात त्या मापाचे ओआरएसचे एक पाकीट पूर्ण विरघळवून थोडे थोडे पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणून सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले तर भगत-गंडा न करता तत्काळ दवाखाना गाठावा.

आपल्या संस्थेला आमची एक सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून अंगणवाडीतील प्रत्येक बालकाला नाव कोरलेला स्टीलचा पेला द्यावा. विद्यार्थ्यांनी दर रविवारी दहा घरे वाटून घ्यावीत आणि वायसर काढून कसे घासायचे, हे आयाबहिणींना करून दाखवावे. उपदेशापेक्षा करून दाखवलेले टिकते.

बाबासाहेबांनी आपल्याला तळ्यापर्यंत नेले. तळ्यापासून लेकराच्या ओठांपर्यंतचे शेवटचे वीतभर अंतर आपण रोज चालायचे आहे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!