पहिले बारा आठवडे आणि आपण नवरे

(नांदेड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. घर नांदेडचं, सासुरवाडी लातूरची. समोर नवीन लग्न झालेली आणि लग्न ठरलेली मुलं बसली आहेत, म्हणून हा विषय घेतला. बहिणींनीही ऐकावं, पण बोलतोय ते भावांशी.

आमचा पहिला गर्भ नवव्या आठवड्यात पडला. तोवर घरात फक्त अम्मीला माहीत होतं. नजर लागते म्हणून तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे लोकांना पहिली बातमी कळली ती गर्भ गेल्याची. एक खाला म्हणाल्या, "लातूरहून बसनं आली ना, धक्के बसले." आणि मी, एवढा शिकलेला माणूस, तिला विचारलं, "काही जड उचललंस का?" ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

डॉक्टर मॅडमनी पुढे मला बसवून समजावलं. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरातल्या दहा-पंधरा जणींचा गर्भ टिकत नाही. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बसचा धक्का, घागर, घरातलं भांडण, यांनी तो पडत नाही. हे मला आधी माहीत असतं तर तो प्रश्न मी विचारला नसता.

आता कामाचं. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकून पट्टीवर दोन रेघा दिसतात तेव्हाच चार-पाच आठवडे झालेले असतात, आणि बाळाचा मेंदू व मणका ज्या नळीतून बनतो ती सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवलं की लगेच सुरू करायची.

सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते, आणि ती फक्त सकाळचीच नसते. फोडणीचा वास नको होतो, दिवसा झोप येते. ते नाटक नव्हे. बहुतेकींना बारा-चौदा आठवड्यांनी बरं वाटतं. पण पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर डॉक्टरकडे न्या. रक्त जात असेल, पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं.

बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, रक्तदाब, लघवी यांची तपासणी होते. इथे श्यामनगरला स्त्री रुग्णालय आहे, लातूरलाही आहे. मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाचे 5,000 रुपये या नोंदणीशिवाय मिळत नाहीत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नका, 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि हो, तिची मिश्री सुटावी असं वाटत असेल तर आधी तुमचा गुटखा सोडा.

दुसऱ्या वेळी सातवा आठवडा रमजानमध्ये आला, ऊन नांदेडचं. हिमोग्लोबिन नऊच्या आत, मॅडमनी रोजे नको म्हणून सांगितलेलं. इमामसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, सवलत आहे, नंतर कजा करा. तरी ती दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्या उभ्या खायची. लोक काय म्हणतील! एक दिवस मी रोज्याने असूनही ताट वाढून बैठकीत आणलं आणि तिच्याजवळ बसलो. अम्मी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताट त्यांनीच वाढलं.

ती मुलगी आता बालवाडीत जाते.

प्रश्न विचारा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहा, नाव नको.