उद्यानांचाही वारसा



वारसा म्हटला की मंदिर, लेणी, किल्ला डोळ्यांसमोर येतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानेही प्राचीन स्मारकास १०० वर्षांची अट घातली आहे. मग स्वातंत्र्यानंतर आखलेल्या उद्यानांनी शंभरी गाठेपर्यंत तग धरावा कसा?

माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. मुंबईच्या कचऱ्याच्या ढिगावर १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले. १९९४ मध्ये ते जनतेस खुले झाले. आज तेथे वन उभे आहे. पण वय कोवळे, म्हणून अशा जागेस वारसा म्हणावयास कोणी धजत नाही. आणि मुंबईतील जमिनीचे मोल तर सर्वांस ठाऊक आहे!

पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर घडले, ते जपानमधील ओकायामाचे कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाले. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत त्याची मोठी हानी झाली. परंतु जुनी चित्रे जपलेली होती, त्यांवरून ते पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे वृक्षारोपण समारंभाचे छायाचित्र सापडते, बागेचा आराखडा मात्र सापडत नाही.

२०२१ मध्ये राज्याने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘वारसा वृक्ष’ मानले. पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सवच! मात्र तो कायदा नागरी क्षेत्रापुरता. विसरवाडीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावास त्याचा आधार नाही. येथे मंदिर, शाळा वा धर्मशाळेच्या आवारातील कोणते झाड कधी व कोठे लावले, याची नोंद विश्वस्तांच्याच दप्तरी व्हावयास हवी. नव्या बांधकामाचा ठराव येईल, तेव्हा सभेपुढे ती वही उघडता येईल.