विद्यापीठांतील रिक्त पदे : कोण शिकवणार?



जून महिना उजाडला की घरोघरी प्रवेशाची चर्चा सुरू होते. शाखा कोणती, शुल्क किती, वसतिगृह मिळेल की नाही, याची कसून चौकशी होते. परंतु ज्या विभागात आपली कन्या पुढील दोन वर्षे शिकणार आहे, तेथे प्राध्यापकांची मंजूर पदे किती आणि त्यांपैकी किती पदांवर खरोखर माणसे बसलेली आहेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विद्यापीठातील नोकरभरती हा केवळ बेकार पदवीधरांचा विषय आहे, अशी आपली समजूत झालेली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यासारखे पहिले कुलगुरू लाभलेल्या या विद्यापीठाने २०२३ च्या अखेरीस १११ अध्यापक-पदांची जाहिरात दिली. त्यात प्राध्यापकांची ३२, सहयोगी प्राध्यापकांची ३२ आणि सहायक प्राध्यापकांची ४७ पदे होती. हे आकडे नीट वाचले तर ध्यानात येते की निम्म्याहून अधिक, म्हणजे ६४ पदे वरच्या दोन श्रेणींतील आहेत. केवळ नव्या दमाच्या तरुणांची भरती रखडली होती असे नव्हे, तर विभागाची धुरा वाहणारी माणसेच उरली नव्हती.

याचा थेट परिणाम संशोधनावर होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. सगळे पात्र मार्गदर्शक आहेत असे धरून हिशेब मांडला, तर या १११ पदांमागे ६३६ संशोधक विद्यार्थ्यांची जागा अडलेली होती. राष्ट्रीय मानांकनाच्या विद्यापीठ-गटात पुण्याचे स्थान २०२४ साली २३ वे होते, ते २०२५ साली ५६ वे झाले. त्यावर वृत्तपत्रांत हळहळ व्यक्त झाली. मानांकनाची कारणे अनेक असतात हे खरे. पण विद्यार्थी-शिक्षक प्रमाण हा त्या मोजणीतील एक प्रमुख घटक आहे, हे हळहळणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पद रिक्त का राहते? अध्यापक वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतो. ही तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरलेली असते. म्हणजे निवृत्तीने होणारी रिक्तता कधीच अकस्मात येत नाही. पंचवीस-तीस वर्षे आधी सूचना देऊन येते! तरीही खुर्ची रिकामी होईपर्यंत कागद हलत नाही, आणि हलल्यावर त्याचा प्रवास एखाद्या तीर्थयात्रेसारखा असतो. पदाला शासनाची मान्यता, वित्त विभागाची संमती, बिंदुनामावलीची मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, मग जाहिरात, अर्जांची छाननी, कुलपतींच्या प्रतिनिधीची आणि विषयतज्ज्ञांची नावे, आणि शेवटी निवड समितीची तारीख. यातील एक कडी निखळली की फाईल मागे येते.

बिंदुनामावलीचा अलीकडचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. कोणते पद कोणत्या प्रवर्गाला जाईल हे ठरविणारा हा तक्ता. आरक्षण हा सामाजिक न्यायाचा विषय आहे आणि तक्ता बिनचूक असलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत त्याचा पायाच वारंवार बदलला. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने संपूर्ण विद्यापीठाऐवजी प्रत्येक विभाग हा आरक्षणाचा एकक मानला. आयोगाने २०१८ च्या मार्चमध्ये तसा आदेश काढला. केंद्राने २०१९ साली कायदा करून केंद्रीय संस्थांपुरती जुनी पद्धत परत आणली. इकडे महाराष्ट्रात २०१८ साली मराठा समाजासाठी १६ टक्के आरक्षण आले, २०१९ साली उच्च न्यायालयाने नोकऱ्यांसाठी ते १३ टक्क्यांवर आणले, २०२० साली त्याला स्थगिती मिळाली, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि २०२४ साली १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. मध्यंतरी आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आले. प्रत्येक वळणावर तक्ता पुन्हा मांडायचा. त्यात २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या काळात, वित्त विभागाने नवीन भरतीच थांबविली. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांच्या आचारसंहिता आल्या. कोणा एका पक्षाच्या वा एका मंत्र्याच्या माथी हे सारे मारून मोकळे होता येणार नाही. आयोगाने जून २०१९ मध्ये रिक्त पदे सहा महिन्यांत भरण्याची कालमर्यादा घालून दिली होती. तिचे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पदे रिकामी राहिली म्हणून वर्ग बंद पडत नाहीत. ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक चालवितात. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांवर एकूण अध्यापकांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली होती. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच दिसली नाही. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. अतिथी अध्यापकासाठी आयोगाने २०१९ साली तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचविले. राज्यातील प्रत्यक्ष दर त्याहून पुष्कळ कमी राहिले. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला चाळिशीचा माणूस दोन-तीन महाविद्यालयांत धावत तास घेतो. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो ग्रंथालयासाठी पाच वर्षांची योजना कशी आखणार? विद्यार्थ्याला दीर्घ संशोधनाचा विषय कसा देणार?

यावर काही ज्येष्ठ मंडळी त्यागाचा दाखला देतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा केली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केली, मग आजच्या तरुणांनी का कुरकुर करावी, असा त्यांचा रोख असतो. दाखला खरा आहे, लागू मात्र पडत नाही. त्या ७५ रुपयांमागे वीस वर्षांचे वचन दोन्ही बाजूंनी होते. संस्था त्यांची होती, निर्णय त्यांचे होते. तासिकेवरच्या शिक्षकाला यातले काहीच मिळत नाही, आणि त्याच्याकडून न विचारता घेतलेल्या कष्टाला त्याग म्हणणे हा त्या थोरांचाही अवमान आहे.

सातत्य म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर इनामगावकडे पाहावे. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ साली सुरू केले. त्या वेळी पुरातत्त्व विभागाची धुरा डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याकडे होती. ते १९७३ साली निवृत्त झाले. उत्खनन १९८३ पर्यंत चालू राहिले आणि त्याचा बृहद् अहवाल १९८८ साली धवलीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. गुरू निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे विभागात होती, म्हणून वीस वर्षांचे काम तडीस गेले. जुन्याची निवृत्ती आणि नव्याची नेमणूक यांत दहा वर्षांचे अंतर पडले असते, तर खंदकांची टिपणे कपाटातच राहिली असती. पाली, अर्धमागधी, मोडी यांसारख्या विषयांत तर एका विभागात मुळातच दोन-तीन पदे. त्यातील शेवटचा जाणकार निवृत्त झाल्यावर जाहिरात निघाली, तर नव्याला शिकविणार कोण?

शिक्षकेतर सेवकांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी परीक्षाकामावर बहिष्कार घातला आणि परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा ही माणसे आहेत हे लोकांना कळले. परीक्षा विभागातील लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल यांची पदेही अशीच गोठलेली असतात.

तरुणांची स्थिती आणखी वेगळी. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य होणार, असे २०१८ साली जाहीर झाले. हजारोंनी नोंदणी केली. मग ती अट २०२३ पर्यंत लांबविण्यात आली, आणि १ जुलै २०२३ पासून नेट, सेट पुरेशी ठरवून पीएच.डी. ऐच्छिक झाली. पालकांनी मुलांना सल्ला द्यावा तरी कोणता?

या परिस्थितीत सामान्य नागरिकाच्या हाती काय आहे? बरेच आहे, फक्त ते वापरले जात नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. आपल्यापैकी बहुतेक पदवीधर आहेत. मतदार म्हणून नोंदणी केलेले किती? अर्थसंकल्पाच्या अधिसभेपूर्वी या सदस्यांना गाठून विभागवार तीन आकडे मागावेत : मंजूर पदे, भरलेली पदे, आणि तासिकेवर चाललेली पदे. त्याबरोबर चौथा प्रश्नही लेखी द्यावा की येत्या दोन वर्षांत कोणकोणते अध्यापक साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या जागांचा प्रस्ताव मंत्रालयात कोणत्या तारखेला गेला.