बेटांवर जायचं ठरलंय



जगात अशीही माणसं आहेत, जी एक पांढरा चेंडू काठीनं मारायला विमानात बसून दूरच्या बेटांवर जातात. खेळाचं नाव गोल्फ. मोठ्या हिरवळीवर लांब लांब अठरा भोकं केलेली असतात, आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू एकेका भोकात घालायचा. पोरांच्या गोट्यांतली गल असते ना, तिचा हा श्रीमंत भाऊ म्हणा. मॉरिशस नावाचा बेटांचा देश आहे, आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान. तिथं ही मैदानं पुष्कळ. एक तर अशा छोट्या बेटावर आहे, की खेळायला होडीतूनच जावं लागतं. आणि गंमत बघा, यातली काही मैदानं जुन्या उसाच्या मळ्यांच्या जमिनीवर आहेत. १८३४ पासून करारावर नेलेले आपले भारतीय मजूर त्या मळ्यांत राबले, त्यात मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात, आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते.

ही गोल्फवाली मंडळी सहलीची तयारी वर्षभर आधी करतात. कोणत्या महिन्यात वादळ, कोणत्या महिन्यात वारा, किती बेटं करायची, सामानाचं वजन किती, सगळं कागदावर. आणि त्यांना घरातून निघताना "कशाला जाता?" असं कुणी विचारत नाही. हौस आहे, एवढं कारण पुरतं.

आम्ही त्यांच्याकडून दोनच गोष्टी उचलल्या. एक तो कागद, आणि दुसरी हौस.

आमच्या गटानं बेटं बघायला जायचं ठरवलंय. मॉरिशस नव्हे, आपल्याच कोकणातली. आमच्यातल्या बहुतेकींनी समुद्र पाहिलाय तो टीव्हीवर. आपण बाया घराबाहेर पडतो त्या शेगावला, पंढरपूरला, लग्नाला, मौतीला, लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर दवाखान्यात. नुसतं बघायला म्हणून निघायची रीतच नाही. घरोघरी सवाल आलाच, "तुमाले काय काम हाये तिकडे?" काम काहीच नाही. समुद्र पायाचा हाये, एवढंच.

मग कुणीतरी घरात सांगितलं की, मालवणचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधला, आणि महाराजांच्या आईचं, जिजाऊंचं माहेर आपलं सिंदखेडराजा. म्हणजे आपल्याच लेकीच्या लेकाचा किल्ला. झालं, म्हातारी मंडळी लगेच नरमली. हे खरंच आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण आमचं असं ठरलं की या एकाच कारणाच्या आडून जायचं नाही. किल्ला बघूच, पण वाळूत बसून लाटाही बघू, आणि तेही आधीच घरात सांगून.

आता कागदाकडे येऊ. पहिल्या दिवशी तीन बेटं लिहिली होती. मुंबईजवळची घारापुरी, मुरूडजवळचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग. तिन्हींची ठिकाणं नकाशावर बघितल्यावर जंजिऱ्यावर काट मारली. जास्त बेटं धरली की सहल गाडीतच सरते. गोल्फवाल्यांचंही तसंच होतं म्हणे, चार बेटं घेतली की निम्मी सुट्टी विमानतळावर.

राहिली दोन. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्री मलकापूरला बसलं की सकाळी मुंबईला सीएसएमटीवर. सामान स्टेशनच्या सामानघरात ठेवायचं आणि गेटवेवरून बोटीनं घारापुरी, साधारण तासाभराची वाट. तिथली लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळायचा. वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघेवालीनं हळूहळू चढायचं, मागे कुणीतरी थांबायचं. आत अखंड खडकात कोरलेली तीन मुखांची शिवाची मूर्ती आहे, दोन-तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. संध्याकाळी परत, आणि रात्री सीएसएमटीवरूनच कोकणकन्या. सकाळी कुडाळ, आणि तिथून एसटीनं मालवण. दोन रात्री गाडीतच गेल्यानं तेवढं राहण्याचं भाडं वाचलं.

एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून, हे तुम्हाला माहीतच आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही. आधार कार्ड मात्र प्रत्येकीनं स्वतःच्या पिशवीत ठेवायचं, एकीच्याच पिशवीत सगळ्यांची नको.

मालवणात दोन रात्री. तिथं घरगुती निवासाची सोय पुष्कळ आहे. फोनवर बोलताना आधीच सांगायचं, आमच्यात माळकरी आहेत, त्यांचं जेवण वेगळ्या भांड्यात. एमटीडीसीच्या निवासात महिला दिनाच्या सुमारास सवलत असते, तेही विचारून घ्यायचं.

सिंधुदुर्गाचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचं काम सुरू झालं. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर, ४८ एकरांत. चहूकडे खारं पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आपण पाण्यासाठी हंडे घेऊन फिरलेल्या बाया, आपल्याला याचं मोल कुणी समजवायला नको. आपल्या लोणारलाही तेच नवल आहे, सरोवराचं पाणी खारट आणि काठावरची धार गोड. ती धार बघितलेली बाई दूधबावेपाशी नुसती फोटो काढून निघणार नाही, आत डोकावून बघेल.

सगळ्यात अवघड होतं ते दिवस ठरवणं. पावसाळ्यात, निंदणं उरकल्यावर, आपल्याला थोडी उसंत असते, पण तेव्हा किल्ल्याच्या होड्या बंद. सोयाबीन निघतं तेव्हा वेळ नाही, मग कापूस वेचणी, मग तूर, मग हरभरा. एप्रिल-मे मोकळे, पण त्या उन्हात किल्ला चढवणार कोणाला? फिरून फिरून बोट एकाच ठिकाणी येतं, हरभरा निघाल्यावर, फाल्गुनात. तेव्हा पोरांच्या परीक्षा असतात. त्याला इलाज नाही. पोरांचे बाप आहेत घरी.

फाल्गुनाचं आणखी एक बरं आहे. मजुरीवर जाणारी बाई पाच दिवस आली, तर तिचा खाडा पडतो. तिकिटाचे पैसे गटानं भरले तरी मजुरी कोण देणार, यावर आमच्यात तोंडातोंडी झाली होती. हरभरा निघाल्यावर तसंही काम कमीच मिळतं, त्यामुळे खाडा जवळजवळ वाचतो.

दिवस ठरवताना तिथीही बघायची. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. कॅलेंडर आपल्या भिंतीवर आहेच. हा नुसता अंदाज आहे, पाण्यात पाय घालायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच. वद्य चतुर्थी मात्र नको, निम्म्या बायांची संकष्टी, आणि उपाशीपोटी बोटीत मळमळतं.

बोटीचं आम्ही कडक ठरवलंय. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली. तेव्हा लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय, आणि बंद नीट बांधल्याशिवाय बसायचं नाही. नऊवारीवर कसं दिसतं, याचा विचार करायचा नाही. बोट भरलेली वाटली तर पुढची.

आता पैसे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, आणि अंतर्गत कर्जही काढायचं नाही. ते बियाण्याला आणि पोरांच्या फीला. सहलीचा डबा वेगळा, भिशीसारखा. आम्ही बारा जणी. दर आठवड्याला प्रत्येकीचे ३० रुपये, वर्षाचे ५० आठवडे धरले तर १८ हजार. एकीचा खर्च घरून दशम्या-ठेचा नेऊन ३ हजार धरलाय. म्हणजे या वर्षी सहा जणी, पुढच्या वर्षी सहा. दोन वर्षांत प्रत्येकीचे ३ हजार भरून होतात. ज्यांना रोख जमत नाही, त्यांनी उन्हाळ्यात कुरडया-शेवयांच्या कामात जास्त बसायचं, त्यांचा वाटा तिथून.

सहाच का, तर मागे राहिलेल्या सहा जणींनी सावड करायची. गेलेल्यांच्या म्हशी पिळायच्या, शेळ्यांना चारा टाकायचा, घरातल्या म्हातारीला वेळेवर गोळ्या द्यायच्या. पुढच्या वर्षी उलट.

यात एक मेख आहे, ती लपवत नाही. पहिल्या सहा जणी जाऊन आल्या आणि मग डबा भरणं सोडलं तर? कागदावर सह्या घेऊ, असं एकीनं सुचवलं. दुसरी म्हणाली, सही घेतलेले किती कागद आपण बघितलेत. शेवटी सह्याच घ्यायच्या ठरल्या, पण सगळ्यांसमोर, गटाच्या बैठकीत.

चिठ्ठ्या टाकून पहिल्या सहा निघतील. फक्त आमच्यातली सर्वांत थोरली आजी चिठ्ठीशिवाय पहिल्यात. तिचं म्हणणं, "पुढच्या वर्साचं कोनं पायलं?"

रेल्वेचं आरक्षण निघायच्या दिवसाआधी ६० दिवस उघडतं, सकाळी आठला. मलकापूरच्या खिडकीवर कुणीतरी त्याआधी उभं पाहिजे. परतीची तारीख वेगळी, तेव्हा तिचे ६० दिवसही वेगळे मोजायचे. म्हणजे खिडकीवर दोन खेपा. पहिल्या खेपेला जाणारी ठरली आहे. दुसरीला कोण, ते येत्या बैठकीत ठरवू.