आधी दिवा, मग कॅमेरा

(भिलाई येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

दिवाळीची साफसफाई अर्धवट टाकून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय ‘रंगवलेल्या छोट्या मूर्तींसाठी कॅमेऱ्याची निवड’ असा छापला आहे. तो संयोजकांनी ठरवला. मला विचारलं असतं तर मी ‘दिवा कसा निवडावा’ असा दिला असता. पण मग वायरमनचं भाषण आहे असं समजून तुम्ही घरीच थांबला असता. (हशा)

छोट्या मूर्ती म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर किल्ल्यावरचे मावळे आहेत. क्वार्टरच्या पुढच्या अंगणात विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, लाल मुरमाचा चिखल थापायचा, हळीव पेरायचे. हे मी तुम्हाला सांगायला नको. मावळे पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेत बनियनमध्ये गुंडाळून येतात. हल्ली आपली मुलं स्वतःही रंगवतात. इथल्या कुंभारांचा हात मातीला सरावलेलाच आहे. थनौदचे गणपती तुम्ही आणता, पोळ्याला मातीचे बैल आणता. कोरी मूर्ती मिळाली की मुलगा ब्रश घेऊन बसतो, मिशीचा एक केस काढायला संध्याकाळ घालवतो. विलायतेत याचा मोठा धंदा आहे. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी अशीच बोटभर माणसं विकते, आणि ती रंगवणारे लोक त्यांच्या फोटोंवरून एकमेकांशी हिरीरीने भांडतात. आपला किल्ला मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तर नशीब. म्हणून फोटो.

आता कॅमेरा. पहिल्या रांगेत एक गृहस्थ मांडीवर मोठी काळी बॅग घेऊन बसले आहेत. त्यात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आहे, हे मी बॅगेच्या वजनावरून सांगतो. (हशा) त्यांनी राग मानू नये. ॲपर्चर, सेन्सर वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे थेट हिशेबावर येतो.

मावळा समजा ६ सेंटिमीटर उंच आहे. उगारलेल्या तलवारीच्या टोकापासून मागच्या पायाच्या टाचेपर्यंत त्याची खोली अडीच-तीन सेंटिमीटर भरते. लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा मावळा चौकटीत नीट बसवला, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा १२ मिलिमीटरच्या आसपास पडते, म्हणजे मूळच्या पाचव्या हिश्श्याएवढी. एफ १६ वर सुमारे १९ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. फुल फ्रेममध्ये तोच मावळा तेवढाच मोठा दिसावा म्हणून प्रतिमा मोठी पाडावी लागते, आणि त्याच एफ १६ वर स्पष्ट खोली सुमारे १४ मिलिमीटरवर येते. नाक स्पष्ट आणि तलवार धुक्यात. पैसे जास्त, मावळा कमी!

(पहिल्या रांगेतून: “आम्ही बावीसवर नेऊ की!”)

न्या. जरूर न्या. बावीसवर नेलंत की तुमची खोली आमच्या क्रॉपएवढी होईल, आणि बारीक छिद्रातून जाताना प्रकाश जसा पसरतो तसा तुमच्याकडेही पसरून चित्र आमच्याइतकंच मऊ होईल. म्हणजे दोघं बरोबरीत. मग एवढे पैसे कुठे गेले, ते तुम्ही घरी विचारून घ्या. (हशा) लग्नात, अंधारात, पाखरांच्या मागे धावताना तुमचा कॅमेरा राजा आहे, हे मी लिहून देतो. मावळा धावत नाही.

हाच नियम खाली फोनपर्यंत नेता येतो. फोनचा सेन्सर आणखी लहान, म्हणून ॲपर्चर मोठं असूनही खोली बरीच मिळते. फक्त त्याला मावळ्याच्या नाकाशी नेऊ नका. फार जवळ गेलात की बरेच फोन गुपचूप रुंद कोनाची दुसरी लेन्स लावतात, आणि मावळ्याचं नाक पराठ्याएवढं होतं. हातभर मागे सरका, दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स निवडा, उरलेली कड मागाहून कापा.

आणि भिलाईत बसून रशियन लेन्सचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएतांशी झालेला १९५५ चा करार, १९५९ ची पहिली झोतभट्टी, हा इतिहास इथल्या पोरांनाही पाठ आहे, तो सोडतो. कुणाच्या माळ्यावर जुना झेनिट कॅमेरा पडला असेल तर त्याची ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स काढा, पुसा, अडॅप्टर लावून आजच्या मिररलेसवर चढवा. मध्ये १२ मिलिमीटरची पोकळ रिंग घातली की तोच पाचवा हिस्सा मिळतो. महागडी मॅक्रो लेन्स नॉटिंगहॅमच्या २८ मिलिमीटरच्या माणसांना लागत असेल. आपल्या मावळ्याला लागत नाही.

आता माझ्या विषयावर येतो. (हशा) हसू नका, इथवरचा विषय संयोजकांचा होता.

नोकरीत मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. आपल्या गावाचा रूळ देशभर जातो. आता तर १३० मीटरचा अखंड रूळ इथे निघतो. तर तुटलेल्या रुळाचा तुकडा टेबलावर यायचा आणि भंगलेल्या तोंडाचा फोटो काढायचा असायचा. का तुटला, ते त्या तोंडावर लिहिलेलं असतं. आत कुठेतरी बारीकसा दोष असतो, त्याभोवती भेग वर्षानुवर्षं हळूहळू पसरते, आणि थांबत-थांबत पसरल्यामुळे वलयं उमटतात, ओहोटीच्या वाळूवर उमटावीत तशी. उरलेला भाग एका क्षणात फाटतो. तो खरबरीत आणि चकचकीत. या फोटोवर पुढचा सगळा तपास उभा राहतो. समोरून फ्लॅश मारला की काय दिसायचं? एक करडा गोळा. वलयं गायब. नवीन आलेला प्रत्येक मुलगा कॅमेऱ्याला दोष द्यायचा, चांगली लेन्स मागवा म्हणायचा. मग कुणीतरी म्हातारा उठायचा, फ्लॅश बंद करायचा, साधा दिवा टेबलाच्या कडेशी जवळजवळ आडवा धरायचा, आणि हळूहळू फिरवायचा. एका विशिष्ट कोनात सगळी वलयं एकदम उभी राहायची. भेग कुठून निघाली तो बिंदूसुद्धा. सगळे टेबलावर वाकायचे. तोच कॅमेरा, तीच लेन्स! मी त्या टेबलापाशी नोकरी काढली आणि… (अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात.) हो, हो, आवरतो.

मावळ्याच्या मिशीचा केसही तसाच उठतो. दिवा बाजूला आणि किंचित मागे ठेवा. ऑइल पेंट चमकतो, म्हणून दिव्यापुढे बटर पेपर धरा, म्हणजे गालावरचा पांढरा ठिपका विरतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा ठेवा, सावली उजळते. मागे आकाशी कार्डशीट वाकवून लावा, कोपरा दिसू देऊ नका. कॅमेरा मावळ्याच्या छातीच्या उंचीवर आणा. तुम्ही अडीच हात वरून पाहिलंत तर सिंहगडसुद्धा रांगोळी दिसतो.

आणि भगवा. यासाठी मी खरं तर आलो. झेंडा भगवा रंगवता, फोटोत तो सपाट नारिंगी डाग होतो, घडी नाही, छटा नाही. याला दोन कारणं. एक, स्वस्त एलईडीच्या प्रकाशात लाल फार कमी असतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर लिहिलेला पाहूनच दिवा घ्या. दुसरं, भगव्यात लाल इतका भरलेला असतो की बाकी चित्र ठीक असतानाच कॅमेऱ्याचा लाल रकाना काठोकाठ भरतो आणि घड्या पुसल्या जातात. हिस्टोग्राममध्ये लाल रेघ वेगळी पाहा, उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र करू नका, पडदा ओढा.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे तीन. दादासाहेब फाळक्यांवर बोलणार होतो. १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यम्सन कॅमेरा, कुंडीतल्या अंकुराच्या वाढीचं चित्रण, नंतर एकेक काडी सरकवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’, हे तुम्ही वाचलेलं आहे. मला एवढंच सांगायचं होतं की अंकुर वाढत होता तोवर कॅमेरा जागचा हलला नाही. तेव्हा ट्रायपॉड घ्या. आयएसओ १००, अर्धा सेकंद शटर, दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबणारं बोटसुद्धा कॅमेरा हलवतं. फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो काढून संगणकावर जोडायची युक्ती आहे, तिने तलवार ते टाच सगळं स्पष्ट येतं. त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, संयोजकांनी ऐकलं असेलच. (हशा)

(प्रश्न: “सर, पण नेमका कोणता घ्यायचा?”)

वहिनी, घरात आहे तो फोन आधी वापरा. घ्यायचाच झाला तर जुना, वापरलेला, क्रॉप सेन्सरचा कुठलाही. त्यात ॲपर्चर हाताने बदलता आलं, लाल रेघ वेगळी दिसली आणि स्क्रीन वळवता आली की झालं. स्क्रीन वळली नाही तर छातीच्या उंचीसाठी तुम्हाला अंगणात पालथं झोपावं लागेल. उरलेल्या पैशांत दोन दिवे. पुढे मुलांना अभ्यासाला होतात.

(पहिल्या रांगेतून: “हे सगळं बोलायला ठीक आहे.”)

मग ठरवू या. उद्या याच हॉलमध्ये, व्याख्यानाआधी अर्धा तास. मावळा एकच, मी आणतो. तुमचा कॅमेरा आणि हॉलची ट्यूबलाइट. माझा फोन आणि माझा दिवा.